डिझेलने न निघणारा रंग

सुकदेवभाऊ,

गेलेल्या माणसाविषयी चार चांगल्या गोष्टी लिहायच्या असतात. तुमच्या बाबतीत ते अवघड नाही, चाराच्या चाळीस होतील. पण त्या मी मागं ठेवते. आधी मला माझ्याविषयी वाईट लिहायचंय, आणि ते तुम्हालाच उद्देशून लिहायचंय. जे तोंडावर सांगायचं होतं ते मी सहा महिने गिळून बसले आणि तुम्ही निघून गेलात. माझं बोलणं लांबतं हे तुम्हाला माहीतच आहे. मी दम घ्यायला थांबले की तुम्ही मशीनवरची नजर न काढता म्हणायचात, "वहिनी, पुढं?" आज तसं कोणी म्हणणार नाही. तरी सांगते.

आपली ओळख तुम्हाला काय सांगायची, पण हे छापून यावं अशी माझी इच्छा आहे, तेव्हा वाचणाऱ्यालाही कळू दे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा, छोटा कारखानाच. आमच्या ह्यांनी एक जुनं लेथ घेऊन तो सुरू केला तेव्हा पहिला कामगार तुम्ही. दिंडोरीकडच्या गावाहून सायकलवर यायचात, पुढं मोटरसायकल आली. हे गेले, आमच्या मुलाच्या, नितीनच्या, हातात कारभार आला, लेथच्या जागी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीन उभ्या राहिल्या, तुम्ही मात्र तिथंच. फक्त तुम्हाला आता सेटर म्हणायला लागले. मशीनला कोणतं हत्यार लावायचं, कसं बसवायचं, पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, कसा काढायचा हे ठरवणारा माणूस. तुमचा हात लागल्याशिवाय आमच्याकडे पहिला जॉब निघत नसे.

मी वणीकडची, सातवी शिकलेली. हे गेल्यावर घरात करमेना, म्हणून डबा घेऊन गाळ्यावर यायला लागले आणि येतच राहिले. स्टोअरच्या दाराशी माझी खुर्ची. स्टोअरची एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी माझ्या कमरेला. व्हर्नियर वाचायला मला तुम्ही शिकवलंत, ड्रॉइंगवरची बारीक चिन्हं तुम्ही शिकवलीत. एकदा मी मोजलेला जॉब तुम्ही पुन्हा न मोजता पुढं पाठवलात, त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला होता. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही.

आणि टंगस्टन. तो धडा तर माझ्या तळहातावर अजून आहे. हत्याराच्या टोकाला कापायला बसवतात ती एक सोनेरी तिकोनी टिप तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत, सुपारीच्या खांडाएवढी, आणि विचारलंत, "जड लागते का बघा." लागली. एवढ्याशा तुकड्याला एवढं वजन कसं, म्हणून मी ती दुसऱ्या हातात घेऊन पाहिली. तुम्ही म्हणालात, ही टंगस्टनची. मी हसले. म्हटलं, टंगस्टन म्हणजे बल्बमधली तार, एवढं तर आम्हाला सातवीतही होतं. तुम्ही म्हणालात, "बल्ब गेले, वहिनी. टंगस्टन नाय गेलं."

मग तुम्ही जेवणाच्या सुट्टीत समजावलंत. सगळ्या धातूंत वितळायला सर्वांत जास्त आच ह्याला लागते. त्याची पूड कार्बनशी मिळवायची, थोडा कोबाल्ट घालून दाबून भट्टीत भाजायची, की झालं कार्बाइड. पोलाद कापायचं तर पोलादाहून कठीण काहीतरी हवं, आणि तेही लालबुंद तापलं तरी धार न सोडणारं. ते हे. तुमच्या द्राक्षबागेत बोअर मारायला गाडी आली होती, तिच्या खडक फोडणाऱ्या बिटाला जे गोल गोल दात होते तेही ह्याचेच. अर्गन वेल्डिंगची सुई ह्याची. दवाखान्यात एक्स-रे काढतात त्या नळीत हेच, मोबाईलच्या चिपमध्ये हेच, आणि रणगाडा फोडणाऱ्या गोळ्याच्या पोटातही हेच. मी विचार करत बसले. पंचवटीच्या बाजारातून मी जी मेथी आणते तिला पाणी देणाऱ्या बोअरपासून सीमेवरच्या तोफेपर्यंत सगळ्यांच्या तोंडात हे दात, आणि मला मात्र बल्बच्या पलीकडे पत्ता नव्हता.

पुढं चीनने हात आखडता घेतला. जगातलं बहुतेक टंगस्टन त्यांच्याकडून येतं, आणि त्यांनी ते बाहेर पाठवायला परवाना लावला. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी होती. मी ती कापून तुमच्यासाठी आणली, तर तुम्हाला आधीच ठाऊक. टिपा पुरवणारा माणूस मागितले त्याच्या निम्मेच डबे द्यायला लागला होता, आणि दर खेपेला नवा भाव सांगत होता. घासलेल्या टिपा, ज्या आम्ही पूर्वी केरात लोटत होतो, त्या मागायला लोक दाराशी येऊ लागले. पूड करून पुन्हा टिपाच करतात म्हणे त्यांच्या.

तेव्हा आपण किती भांडलो. मी म्हणायची, राजस्थानात आपली खाण होती ना, ती का बंद पडू दिली? आज ज्याच्या हातात टंगस्टन त्याच्या हातात सगळ्यांचे कारखाने, मग सरकारनं पुन्हा खणायला काय हरकत? तुम्ही म्हणायचात, "खाणीचं सरकार बघंल. तुम्ही आधी आपल्या केराच्या डब्यात बघा." मला राग यायचा. म्हटलं, देशाचा प्रश्न केराच्या डब्यात सुटतो होय. तुम्ही डबा माझ्यासमोर पालथा केलात. निम्म्याअधिक टिपा अर्ध्या वापरून टाकलेल्या. तिकोनी टिपेला वर तीन कोपरे, उलटी केली की आणखी तीन. सहा वेळा कापू शकते ती. आमच्या लोकांनी दोन-तीन कोपरे झाले की फेकून दिलेली. मी सांडलेल्या टिपा वेचायला लागले, पण खाणीचं माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं, हे लक्षात असू द्या. तो वाद आपला अजून अर्धाच आहे.

त्या दिवसापासून तुम्ही ठिपक्यांची रीत घातलीत. कोपरा वापरून संपला की त्यावर काळ्या मार्करने ठिपका द्यायचा. ठिपका नाही तो कोपरा वापरायचा. सहाही कोपऱ्यांवर ठिपके आले की टिप भंगारात. संपलेल्या कोपऱ्याला कधी कधी उष्णतेने बारीक चीर पडते, ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ठिपक्यावर विश्वास ठेवायचा. अर्ध्या वापरलेल्या टिपा वेगळ्या ट्रेमध्ये, नव्या पिवळ्या डब्यांत. हे सगळं तुम्ही मला शेजारी बसवून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

आता ते सांगते.

खंडेनवमीला हत्यारं पूजायची तर ती मी धुवायची, ही ह्यांच्या वेळेपासूनची पद्धत. पाने, व्हर्नियर, टिप धरणारे होल्डर, सगळं मी आधी डिझेलने पुसते, मग साबणाच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवते. त्या वर्षी मला काय वाटलं कोण जाणे. म्हटलं, एवढी जगात टंचाई ज्या वस्तूची, तिला पूजेत अंघोळ नको? ट्रेमधल्या सगळ्या टिपा मी डिझेलमध्ये घातल्या, जुन्या टूथब्रशने घासल्या. फडकं काळं झालं ते मला दिसलं. तेलकट मळ असेल म्हटलं. उन्हात त्या सोन्यासारख्या चमकायला लागल्या, तेव्हा मनात एकदा आलं की टिपांवर काहीतरी होतं, आता नाही. तेवढ्यात झेंडूवाला आला. त्याच्याशी माळांवरून हुज्जत घालता घालता ते मनातून गेलं. आणि नव्यासारख्या दिसतात म्हणून मी त्या नव्या टिपांच्या अर्ध्या रिकाम्या पिवळ्या डब्यांत भरून टाकल्या. ओळीने, एका दिशेला टोकं करून. किती छान दिसतंय म्हणून मीच बघत राहिले.

दसऱ्यानंतर गाळा उघडला त्या सकाळी तुम्ही स्टेनलेसचा तो मोठा जॉब मशीनवर चढवलात. गिऱ्हाइकाने स्वतःचा माल पाठवलेला, शेवटचं काम राहिलेलं, घाई. तुम्ही पिवळ्या डब्यातून टिप काढून बसवली. मी प्रसादाच्या लाडवांचा डबा घेऊन मशीनपाशी येतच होते. आतून जो आवाज आला तो आठवला की आजही माझे दात शिवशिवतात. टिप फुटली, होल्डर घासला, जॉबवर खोल ओरखडा. गेला जॉब.

नितीनने फुटलेली टिप भिंगाखाली धरली. बाकीच्यांतले दोन कोपरेही घासलेले होते. तो म्हणाला, ही वापरलेली टिप आहे, नव्या डब्यात कशी आली?

तुम्ही म्हणालात, "ठिपका नव्हता."

"ठिपका तुम्हीच देता, भाऊ. स्टोअर तुम्हीच लावता. मग विसरला असाल," नितीन म्हणाला. सगळे गोळा झाले होते. "डोळे गेलेत तुमचे आता. उद्यापासून सेटिंगला हात लावू नका. स्टोअरमध्ये बसा."

तुम्ही पिवळा डबा उघडून आत पाहिलंत. टिपा सगळ्या एका दिशेला टोकं करून, माझ्या करंज्या ताटात असतात तशा. मग तुम्ही डबा बंद केलात आणि माझ्याकडे पाहिलंत. रागाने नव्हे. तुम्ही एखादं माप घेतल्यावर आकडा नक्की करायला क्षणभर थांबायचात ना, तसे थांबलात.

मी लाडू वाटले, भाऊ. बोलायचं ते सोडून मी लाडू वाटत सुटले. तुमच्याही हातावर एक ठेवला.

का गप्प बसले ते सांगते, त्यात माझी सोय काहीच नाही. महिनाभर आधीपासून नितीन म्हणत होता, आई, तू आता घरी बस, इथं तेलावरून पाय घसरला तर काय करायचं. सूनही तेच म्हणत होती. मी टोलवत होते. त्या सकाळी मी तोंड उघडलं असतं तर माझी किल्ली गेली असती, खुर्ची गेली असती, हे माझ्या डोक्यात लख्ख उभं राहिलं. दारातली प्लास्टिकची खुर्ची ती, तिला एका बाजूने चीरही गेलेली आहे. ती राखायला मी तुमची इतक्या वर्षांची जागा जाऊ दिली. तुम्हाला जे बोललं गेलं तेच मला ऐकायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आठवड्याने तुम्ही घरी आलात. मी दार उघडलं. तुम्ही पायरीवर चपला काढल्यात, आत येऊन बसलात, नेहमीसारखं पाणी मागितलंत. आणि म्हणालात, "वहिनी, नातीकडं नखाला लावायचा रंग असंल ना, त्यातली एखादी बाटली द्या. डिझेलने निघत नाय म्हणे तो."

डिझेलने. गाळ्यावर इतक्या गोष्टींनी रंग निघतो, घामाने, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पाण्याने, तुम्ही नेमकं डिझेल म्हणालात. मग माझ्या हाताकडे पाहिलं नाहीत, मुद्दाम खिडकीकडे पाहत बसलात. मी चहा टाकला. आणि बोलत सुटले. चीनचं बोलले, खाणीचं बोलले, यंदा तुमच्या बागेवर डावणी रोग पडला का ते विचारलं आणि तुमचं उत्तर ऐकायच्या आधीच वणीच्या गडावरच्या गर्दीचं सांगितलं. तुमच्या कपातल्या चहावर साय धरली. मी दमून थांबले तेव्हा तुम्ही अगदी हळू म्हणालात, "वहिनी, पुढं?"

मी म्हटलं, "कोणता रंग देऊ?"

तुम्ही कपातली साय बोटाने बाजूला केलीत. "लाल द्या. लांबून दिसंल," म्हणालात. चहा एका घोटात संपवलात, बाटली शर्टाच्या खिशात टाकलीत आणि गेलात.

त्यानंतर सहा महिने तुम्ही माझ्या खुर्चीपासून चार हातांवर, स्टोअरमध्ये स्टुलावर बसून टिपांना लाल ठिपके दिलेत. मोहरीएवढा एकेक, एकासारखा एक. मशीन अडलं की पोरं अजून तुमच्याकडेच यायची. तुम्ही बसल्या जागेवरून आवाज ऐकून सांगायचात की फीड कमी करा, किंवा टिप बदला. उठून जायचा नाहीत. हात लावू नका म्हटलंय ना मला, एवढंच म्हणायचात. मी तुमच्यासाठी कधी थालीपीठ आणलं, कधी मेथीचे लाडू. तुम्ही खाल्लंत, डबा धुऊन परत दिलात. मी आणखी आणलं. कशाची भरपाई कशाने करत होते मी, मलाच ठाऊक.

मग त्या रविवारी तुम्ही बागेत वेलींची खरड छाटणी बघायला गेलात, उन्हं चढली म्हणून बांधावर टेकलात, ते टेकलातच.

दहाव्याला रामकुंडावर मी आले होते. मनाशी ठरवून आले होते. म्हटलं, कावळा शिवायचा नाही, सगळे कोड्यात पडतील, तेव्हा मी पुढं होऊन हात जोडून सगळं बोलून टाकीन. ओठांवर शब्द जुळवत उभी होते. आणि पिंड ठेवून भटजी मागं सरकतात तोच कावळा आला, घास घेतला, उडाला. लोक म्हणाले, कसला तृप्त माणूस, काही मागणं उरलं नव्हतं. मला त्या कावळ्याचा इतका राग आला, भाऊ. तुम्ही मागाल तेव्हा कबूल करू, म्हणून मी तुमच्या दहाव्यालाही थांबूनच राहिले होते. तुम्ही तर काही मागितलंच नाहीत. तेव्हा माझी मला शरम वाटली, आणि ती अजून खाली बसलेली नाही.

तेराव्यानंतर मी तुमच्या गावी गेले. तुमच्या मंदाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. मी त्यांना सांगितलं. धुतल्यापासून लाडवापर्यंत, काही न वगळता. त्यांचा हात सुपात थांबला नाही.

"त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. मी म्हणले, मग बोलला का नाय? तर म्हणले, वहिनी सांगतील. त्यांना सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाय." मग त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. "लय दिवस म्हणत होते. फाल्गुनापासून म्हणायचं सोडलं."

मी रडायला लागले तर त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी कशाला रडता? जिथं त्यांना बोललं गेलं, तिथं जाऊन सांगा."

सोमवारी सकाळी मी त्याच मशीनपाशी उभी राहिले आणि मशीन बंद करायला सांगितलं. नितीन केबिनमधून धावत आला, मला बरं वाटत नाही असं त्याला वाटलं. सगळे जमले. इतकं बोलणारी मी, पण तेव्हा बोलणं फार झालं नाही. म्हटलं, दसऱ्यानंतर फुटलेली ती टिप सुकदेवभाऊंनी नव्या डब्यात ठेवली नव्हती. मी ठेवली. ठिपका होता. मी धुतला.

नितीनने विचारलं, "आई, तेव्हा का नाही बोललीस?"

"खुर्ची जाईल म्हणून," मी म्हटलं.

सगळ्यांसमोर तुम्हाला जे बोलला होता ते त्याला आठवत होतं, हे मला दिसलं. थोड्या वेळाने तो एकटाच गाडी काढून दिंडोरीच्या रस्त्याला लागला. मंदाबाईंशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ते त्याचं त्याच्यापाशी.

किल्ली मी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. खुर्ची पोरांनी उचलली नाही, पण मी तिच्यावर बसत नाही. तुमच्या स्टुलावर बसते. तुमच्या खणात ती लाल बाटली सापडली, तळाशी थोडा रंग उरलेला. ठिपके मी देते आता. माझा ठिपका वाटाण्याएवढा पडतो, कधी शेजारच्या कोपऱ्यावर ओघळतो. मग काडीने पुसून पुन्हा देते. टिपा अजून मिळत नाहीत पुरेशा, भाव उतरण्याचं नाव नाही, आणि माझं अजूनही म्हणणं आहे की खाण उघडायला हवी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी ओघळलेला ठिपका नीट करा.

त्या दिवशी माझ्या घरी, सायीखालचा चहा हातात धरून, तुम्ही मला विचारलं होतंत, पुढं? पुढं एवढंच होतं, सुकदेवभाऊ. ठिपका होता, मी धुतला. चहा निवायच्या आत सांगून झालं असतं.